लक्ष्मीबाई टिळक, राहुरी आणि आम्ही ख्रिस्ती बायका

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा प्रत्येकीने आपापला विषय सांगितला. कोणी पाककृती, कोणी बालसंगोपन, कोणी मंडळाच्या सहलीचा वृत्तांत. मी गप्प बसलेली पाहून अध्यक्षाबाई म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या ख्रिस्ती लोकांचा इतिहास लिहा. आपल्यातल्या पुष्कळ जणींना तो ठाऊक नाही." मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. इतिहास लिहिणे हे पंडितांचे काम. पण आजीच्या तोंडून ऐकलेले आणि वाचनालयातून आणून वाचलेले बरेच काही मनात साठले आहे, ते आपल्या साध्या भाषेत लिहिते. उणेअधिक गोड मानून घ्यावे.

आपल्या देवळाली प्रवरेत ख्रिस्ती घरे थोडी. शेजारणी प्रेमाने वागतात, आणि प्रेमापोटीच कधी कधी विचारतात, "तुम्ही इथल्याच ना? मग तुमचा धर्म साहेबाचा कसा?" या प्रश्नाचा राग मानण्याचे कारण नाही. मात्र त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. ते आपल्याच राहुरी तालुक्यात घडलेल्या एका बाईच्या गोष्टीत आहे, आणि ती बाई म्हणजे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

त्यांच्याकडे वळण्याआधी थोडी मागची हकिगत सांगते. अमेरिकेतून आलेले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले व त्यांनी तिथे मराठी मिशन सुरू केले. १८३१ साली ते नगरला आले. (आपल्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी जुन्या हकिगतीत मी नगरच म्हणते.) मिस सिंथिया फरार नावाच्या एक अविवाहित बाई १८२७ साली मुंबईस आल्या होत्या. १८३९ साली त्या नगरला आल्या आणि १८६२ साली तिथेच वारल्या. सारे आयुष्य त्यांनी मुलींच्या शाळांसाठी वेचले. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे शिक्षण याच फरारबाईंकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. १८४२ साली 'ज्ञानोदय' हे मराठी नियतकालिकही नगरलाच निघाले.

ख्रिस्ती झाले कोण? काही ब्राह्मण झाले, त्यांची नावे पुस्तकांत आली. पण खेड्यापाड्यांतून जे झाले ते बहुतेक महार आणि मांग समाजातले. माझे पूर्वजही त्यांतलेच, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. गावकीची कामे, मेलेली गुरे ओढणे, शिळ्या भाकरीसाठी दारोदार हिंडणे आणि पाण्यासाठी कोणीतरी वरून ओंजळीत धार धरील म्हणून विहिरीपाशी ताटकळणे, हे त्यांचे जिणे होते. त्यांना कोणीतरी सांगितले की, तुम्ही देवाची लेकरे आहात आणि तुमच्या मुलाने पाटी हातात धरावी. हे शब्द त्यांना कसे लागले असतील याची कल्पना करावी. पुढे काही जणांना गावाने वाळीत टाकले, काहींचे वतन गेले, काहींच्या आयाबहिणींनी माहेर तोडले. धर्म बदलणे म्हणजे वाटेत नवा अंगरखा चढवण्याइतके सोपे नव्हते.

यात आणखी एक अडचण होती. देव मिळाला, पण त्याची गाणी परकी होती. विलायती चालीवर बसवलेले मराठी शब्द म्हणताना आमच्या बायाबापड्यांची जीभ अडखळे. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या, भजनात टाळ धरणाऱ्या माणसांना त्या चालींत आपला जीव ओतता येईना. नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तने करून आणि गीते रचून ही कोंडी फोडायला सुरुवात केली. ती पुरती फोडली नारायण वामन टिळकांनी.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. जातीने चित्पावन ब्राह्मण, वृत्तीने कवी, स्वभावाने भडक आणि हाताने उदार. त्यांच्या मुठीत पैसा टिकत नसे. नागपुराहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना 'नवा करार' वाचायला दिला. वाचता वाचता त्यांचे मन पालटत गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता लक्ष्मीबाईंचे पाहा. त्या १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला गोखल्यांच्या घरात जन्मल्या. त्यांच्या वडिलांचे सोवळे असे कडक की, बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात यायची नाही. अकराव्या वर्षी लग्न झाले. शाळा कधी पाहिली नाही. नवऱ्याने जे शिकवले तेवढेच. त्या बाईच्या कानावर एके दिवशी बातमी आली की, आपला नवरा ख्रिस्ती झाला. भगिनींनो, आपण संसारी बायका आहोत. कपाळावर कुंकू आहे, नवरा जिवंत आहे, पण त्याच्या ताटात जेवता येत नाही आणि त्याच्या घरी जाता येत नाही, अशी ती अवस्था. चार वर्षांहून अधिक काळ त्या लहान मुलाला घेऊन नातेवाइकांकडे, काही दिवस पंढरपुरास, राहिल्या. रडल्या, आजारी पडल्या, पण हट्ट सोडला नाही.

शेवटी त्या नगरला नवऱ्यापाशी आल्या. आल्या, पण ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांनी आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवले. त्यांची ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. टिळकांनी सक्ती केली नाही आणि बाईंनी ढोंग केले नाही. एका घरात दोन धर्म आणि दोन पाण्याची भांडी नांदत होती.

मग त्यांचे मन पालटले कसे? कोणाच्या व्याख्यानाने नव्हे. त्या स्वतःच विचार करू लागल्या की, जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती, तर जशी गाय वेगळी आणि घोडा वेगळा दिसतो तशी माणसेही त्याने निरनिराळ्या आकाराची घडवली असती. तसे काही दिसत नाही, तेव्हा हा भेद माणसाचाच. हे एकदा पटले आणि त्यांनी ठरवले की, यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, कोणाच्याही हातचे प्यायचे. लहानपणापासून सोवळ्यात वाढलेल्या बाईने केवळ आपल्या बुद्धीने ही गाठ सोडवली. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर घेतला, १९०० साली, आपल्या राहुरीला. आधी पाण्याचे भांडे बदलले, मग धर्माचे नाव. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

तो काळ कोणता होता? संवत १९५६ चा दुष्काळ, ज्याला आपले म्हातारे लोक 'छप्पन्नचा दुष्काळ' म्हणत. १८९९ आणि १९०० ही दोन वर्षे आपल्या भागाने होरपळून काढली. तेव्हा भंडारदऱ्याचे धरण नव्हते. ते पुरे झाले १९२६ साली. आज कालव्याकाठी ऊस डोलताना पाहणाऱ्या आपल्या मुलांना ते दिवस खरे वाटणार नाहीत. राहुरीला डॉक्टर बॅलंटाइन हे मिशनरी होते आणि दुष्काळात पोरकी झालेली मुले तिथे मिशनच्या आश्रयास होती. टिळक पतिपत्नी राहुरीस राहून त्या मुलांच्या सेवेत गुंतली. ज्या बाईच्या बापाने बाजारची वस्तू धुतल्याशिवाय घरात घेतली नाही, ती बाई कोणत्या जातीची म्हणून न विचारता पोरक्या पोरांची आई झाली.

इथे माझ्या घरची एक गोष्ट सांगते. माझ्या आईची आजी त्याच दुष्काळात आईबापांविना झाली आणि राहुरीच्या मिशनमध्ये वाढली. माझी आजी तिची गोष्ट नेहमी सांगे. मिशनमध्ये आल्यावर त्या मुलीला भाकरीचे इतके नवल वाटले नाही, जितके पाण्याच्या डेऱ्याचे. तिथे तिला कोणी म्हणाले, "तहान लागली ना? मग घे की." ती मुलगी बराच वेळ डेऱ्याकडे पाहत उभी राहिली, आणि मग तिने आपल्या हाताने त्यात तांब्या बुडवला. आयुष्यात पहिल्यांदा. म्हातारपणी तिला शुभवर्तमानातली किती वचने आठवत असतील ते देव जाणे, पण तो तांब्या ती शेवटपर्यंत विसरली नाही, असे आजी म्हणे. आमच्या घराचा ख्रिस्ती धर्म तिथून सुरू झाला.

टिळकांनी पुढे जे केले ते मराठीच्या इतिहासात नोंदले गेले आहे. त्यांनी ख्रिस्ताची भजने अभंगाच्या आणि ओवीच्या चालीवर रचली. ज्ञानोबा आणि तुकोबा यांच्या वाटेनेच मी ख्रिस्तापाशी आलो, असे ते मानत. आमच्या उपासनेच्या पुस्तकात आजही त्यांच्या गीतांचा मोठा वाटा आहे. एकादशीला तुम्ही टाळ वाजवता आणि रविवारी आम्ही वाजवतो, तो टाळ एकाच कासाराचा आहे. नगरच्या त्यांच्या घरात पाहुण्यांचा आणि अनाथांचा राबता असे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपण शाळेत वाचलेले बालकवी, त्यांच्याकडे मुलासारखे राहिले. ते ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांनी व्हावे म्हणून लक्ष्मीबाईंनी त्यांना निराळे वाढले नाही.

टिळकांना एक गोष्ट मात्र सलत असे. ख्रिस्ती मंडळी परक्या पैशावर आणि परक्या रीतीवर अवलंबून राहिली, तर तिला इथल्या मातीत मुळे फुटायची नाहीत, असे त्यांना वाटे. म्हणून १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडले, संन्यास घेतला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यावेत अशी त्यांची इच्छा होती. ते काम वाढण्याआधीच ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले.

त्यांच्यामागे लक्ष्मीबाई खचल्या नाहीत. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते, ते त्यांनी पुढे नेले. शाळेची पायरी न चढलेली ही बाई १९३३ साली नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाची अध्यक्षा झाली. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे'चे भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्या ख्रिस्तवासी झाल्या. ते पुस्तक ज्या भगिनींनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. धर्माचे पुस्तक समजून भिऊ नये. नवराबायकोची भांडणे, फजिती, हसू आणि आसू यांनी ते भरले आहे. वाचताना पदोपदी वाटते की, ही तर आपल्या वाड्यातली बाई.

असे वाटणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण पांढरे लुगडे आणि शाकाहार सोडला नाही. लॅटिन अक्षरांचा क्रूस मी का घालावा, संस्कृत अक्षरांचा का नको, असा वाद त्यांनी तिथल्या धर्मगुरुभगिनींशी घातला. पुढे केडगावास हजारो निराधार स्त्रियांना आसरा दिला आणि सबंध बायबल साध्या मराठीत आणले. गोव्यात तर त्याच्याही फार आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' रचले. तेव्हा शेजारणींच्या प्रश्नाचे उत्तर असे की, धर्म आमच्याकडे परदेशाहून आला हे खरे, पण आमच्या माणसांनी त्याला मराठी बोलायला शिकवले. ऊसही या काळ्या रानात कालव्याबरोबरच फोफावला, म्हणून त्याचा गूळ कोणी परका म्हणत नाही.

आणखी एक सांगायला हवे. पाण्याचा हा धडा फक्त ख्रिस्ती लोकांचा नाही. जोतिबा फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. काशीची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी लावणाऱ्या नाथांची गोष्ट तर आपण सगळ्याच जणी लहानपणापासून ऐकत आलो. ज्याला देव उमगला त्याने आधी पाणी मोकळे केले, असेच दिसते.

आता आजच्या दिवसांचे बोलते, कारण जुने गोडवे गाऊन भागत नाही. काळ फार झपाट्याने बदलतो आहे. मुले इंग्रजी शाळेत जातात, त्यांना टिळकांच्या भजनातले शब्द समजत नाहीत. पुष्कळ ठिकाणी उपासनेत टाळ-मृदंग गेले आणि गिटार आली. आमच्या काही तरुण मुलींना वाटते की, हळद, मांडव, हिरवा चुडा हे सारे सोडले म्हणजे आपण पक्क्या ख्रिस्ती झालो. काही घरांत कुंकू लावतात, काही घरांत लावत नाहीत, आणि त्यावरून जावाजावांत अबोला होतो. मला या वादात फार अर्थ दिसत नाही. गिटारीवरही देव ऐकतो. कपाळ मोकळे असो वा भरलेले, दारी आलेल्याला पाणी कोणत्या भांड्यातून मिळते एवढेच मी पाहते.

आणि तिथेच आमचे आम्हाला लाजायला लावणारे दिसते. माझ्या नात्यातल्या एका मुलीचे लग्न जवळजवळ ठरले होते. दोन्ही घरे ख्रिस्ती, मुलगा शिकलेला. बैठकीत मुलाकडच्या एका वडीलधाऱ्या माणसाने हळूच विचारले, "पण तुम्ही मूळचे कोण?" उत्तर ऐकले आणि आठ दिवसांनी निरोप आला की, योग नाही. प्रभुभोजनाला एकाच प्याल्याला ओठ लावणारी माणसे सोयरिकीला मात्र जुना डेरा वेगळा काढतात. त्या पोरीने आईला विचारले, "मग आपण बदललो ते कशासाठी?" आईला उत्तर देता आले नाही. मी हा लेख लिहायला घेतला त्याचे निम्मे कारण त्या पोरीचा प्रश्न आहे. तिला मी सांगेन की, लक्ष्मीबाईंनी जे मनातून काढून टाकले ते काढायला आपल्यातले पुष्कळ जण अजून उरले आहेत. वाट चुकीची नाही, चालणारे मधेच बसले.

सरकारदरबारीही आमची गत विचित्र. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध बांधवांना त्या मिळाल्या. ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. धर्म बदलला म्हणून जात गेली, असे कागद म्हणतो. लग्नाच्या बैठकीत आणि गावाच्या डोळ्यांत ती गेलेली नसते.

हल्ली मोबाइलवर धर्मांतराविषयी नाही नाही ते मजकूर फिरतात. ते वाचून आयुष्यभर शेजारी राहिलेल्या माणसांच्याही नजरेत किंचित अंतर पडते, हे मला जाणवते. त्यावर मी भांडत नाही. माझ्या पणजीला कोणी पैसे देऊन विकत घेतले नव्हते, तिला कोणी 'घे की' म्हटले होते, एवढेच मी सांगते.

पण निराश व्हावे असे काही नाही. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आपल्या पंचक्रोशीतल्या कितीतरी हिंदू बायका नवस फेडायला येतात, आणि आम्ही दिंडीतल्या वारकऱ्यांना चहापाणी देतो. नाताळच्या आणि दिवाळीच्या करंज्या आमच्या आळीत एकाच कातण्याने कातल्या जातात, कारण ते कातणे चार घरांत मिळून एकच आहे. आपल्या मंडळात तर सर्व जातिधर्मांच्या बायका आहेत. हळदीकुंकवाला मला बोलावणे येते, आणि मी जाते. कुंकवाऐवजी माझ्या हाती फूल दिले तरी चालेल का, असे एका भगिनीने पहिल्या वर्षी हळूच विचारले होते. मला भरून आले. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

शेवटी एक सूचना करते. यंदा मंडळाने वाचनालयासाठी 'स्मृतिचित्रे'ची एक प्रत घ्यावी आणि श्रावणातल्या दुपारी ती मोठ्याने वाचावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी ऐकावी. राहुरी आपल्या तालुक्याचे गाव, आपण तिथे कचेरीच्या कामाला आणि बाजाराला नेहमी जातो. त्या गावात एका बाईने स्वतः विचार करून आपले पाणी सर्वांचे केले, हे आपल्या लेकीसुनांना कळले पाहिजे.

मंडळाची अशीच भरभराट होत राहो आणि आपल्या बैठकीतला पाण्याचा माठ सदैव सर्वांना मोकळा राहो, ही प्रभुचरणी प्रार्थना.